ह्यांची बायपास आणि माझे पाय

ह्यांची बायपास झाली आणि आमच्या वारज्याच्या घरी माणसांची रीघ लागली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आतून चरबी साचून अरुंद झाल्या होत्या. डॉक्टरांनी ह्यांच्याच पायातली शीर काढून ती अडथळ्याच्या पुढे जोडली आणि रक्ताला नवी वाट करून दिली. ही सगळी माहिती मला तोंडपाठ आहे, कारण हॉलमध्ये हे रोज नव्या पाहुण्यांना सांगत आणि मी ओट्याशी उभी राहून ऐकत असे.

ऑपरेशनपर्यंत मी फार घाबरले होते. हे घरी आले, हिंडूफिरू लागले, भीती ओसरली. मग तिच्या जागी जे आलं तो मत्सरच होता, दुसरा शब्द नाही त्याला.

सदाशिव पेठेतल्या शाळेत मी सगळी नोकरी उभी राहून केली. पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या, वेड्यावाकड्या शिरा उठल्या होत्या. संध्याकाळी घोटे सुजायचे, पाय शिशासारखे जड व्हायचे. पण ते सगळं साडीखाली. ह्यांचं दुखणं शर्टाची दोन बटणं काढली की दिसायचं, आणि हे ती काढायचेच.

खडकीहून माझी नणंद आली. भावाशेजारी बसून डाळिंब सोलत म्हणाली, "वहिनी, दादाला जपा हो आता. तुमचं काय, तुम्ही ठणठणीत."

"हो ना," मी म्हटलं. "मला आजारी पडायला वेळ कुठंय."

ती हसली नाही. मीही हसत नव्हते.

त्याच सुमारास माझ्या डाव्या घोट्याजवळची कातडी काळवंडली, खाजू लागली आणि तिथे छोटी जखम झाली. हळद लावली, मलम लावलं, भरेचना. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "ह्यांच्यापुढे तुझं काय" असंच ऐकावं लागलं असतं.

ह्यांच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं.

"काकू, जरा पाय स्टुलावर ठेवा." ह्यांचे रिपोर्ट बाजूला ठेवून त्या वाकून बघू लागल्या. "हे किती दिवस अंगावर काढताय?"

"हृदयाचं आहे का काही?" मी विचारलं.

"तसं वाटत नाही. हृदय रक्त खाली पाठवतं, पण पायातून ते वर चढवायला पोटरीचे स्नायू लागतात. चालताना ते शिरा दाबतात, आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. तुमच्या झडपा सैल पडल्यात. रक्त खाली साचतं, म्हणून सूज, म्हणून ही जखम."

खरं सांगायचं तर मी थोडी खट्टू झाले. हृदयाचं निघालं असतं तर चार माणसं आली असती.

हे मध्येच म्हणाले, "माझी शीर मात्र चांगली निघाली, नाही का?"

"हो काका. काकूंची बायपासला चालली नसती."

परतीच्या रिक्षात मी आमच्या दोघांमध्ये रिपोर्टची पिशवी ठेवून बसले.

सोनोग्राफी झाली, मग बिघडलेली शीर लेझरने आतून बंद केली. रक्त दुसऱ्या शिरांमधून जातं म्हणे. त्याच संध्याकाळी घरी. घट्ट मोजे घालायचे, चालायचं, बसलं की पाय उंचावर. बघायला कुणी आलं नाही. नणंदेचा फोन आला तो दादाची चौकशी करायला. मीच सांगितलं.

"शिराच ना? मग बरंय," ती म्हणाली.

चार दिवसांनी वरच्या मजल्यावरचे शेजारी ह्यांना भेटायला आले. मी सोफ्यावर उशांवर पाय ठेवून बसले होते. त्यांनी माझ्या पायांचं विचारलं तसं ह्यांनी सुरुवात केली, "हिच्या हृदयाच्या झडपा…"

"पायातल्या," मी म्हटलं, आणि पुढचं मीच सांगितलं. सावकाश, वर्गात सांगावं तसं. हे म्हणाले, "माझ्या वेळी तर…"

"थांबा हो, वहिनींना सांगू द्या," शेजारी म्हणाले.

ह्यांचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं, आणि वाटलं याची लाजही वाटली नाही.

जखम भरायला बरेच आठवडे गेले. आता संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जातो. भेटणारे ह्यांनाच विचारतात, "तब्येत काय म्हणते?" मी तेवढ्यात चार पावलं पुढे निघून जाते.