तपासणीला न आलेले एकसष्ट जण

हृदयरोगाच्या संशोधनातली आकडेमोड शिकवणाऱ्या त्या बाईंना विद्यार्थी पाठीमागे चाळणीबाई म्हणत. पीएचडीला आलेल्या मुलांचं एकेक वाक्य त्या असं चाळत, की पोरं रडकुंडीला येत. पण बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेलं कुणी कच्चं राहिलं नाही, हे डॉक्टर लोकही मान्य करत.

तिसऱ्या वर्षाच्या एका अबोल विद्यार्थिनीला त्यांनी सरावासाठी स्वतःचाच जुना अभ्यास दिला. हृदयाचा झटका येऊन गेलेले बाराशे रुग्ण. निम्म्यांना ठोके ताळ्यावर ठेवणारी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. गोळीवाले कमी दगावले, असा निष्कर्ष निघाला होता आणि त्यावरच बाईंचं नाव झालं होतं. एकसष्ट जण मधेच तपासणीला यायचे थांबले. गाव सोडून गेले असतील, असं धरून बाईंनी त्यांना वगळलं होतं.

मुलीने वगळलं नाही. पाच आठवडे ती घरोघरी फोन करत बसली. मग एका सकाळी बाईंच्या खोलीत आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, एकसष्टातले चव्वेचाळीस वारलेत. अभ्यास चालू असतानाच."

"गोळीवाले किती?"

"सदतीस. त्यांना धरलं तर गोळीने कुणी वाचत नाही. उलट थोडे जास्तच गेलेत."

बाईंनी तीन दिवस सगळं पुन्हा तपासलं. मुलीची एखादी चूक सापडावी म्हणून देव पाण्यात ठेवले होते म्हणा ना. चूक सापडली नाही. जी होती ती त्यांचीच होती.

त्यांना दादा आठवला. चार वर्षांपूर्वी थोरल्या भावाला झटका आला, तेव्हा त्याचा डॉक्टर ही गोळी द्यायला कां-कू करत होता. "बिनघोर घे, माझाच अभ्यास आहे," असं बाईंनीच सांगितलं होतं. चौदा महिन्यांनी दादा पेपर वाचता वाचता गेला.

विभागप्रमुख म्हणाले, "बाई, जुनी मढी कशाला उकरता? ती गोळी आता देतंय कोण?"

"कुणीतरी देतंच असेल ना?"

बाईंनी त्याच दिवशी त्या अभ्यासाचा शोधनिबंध मागे घेत असल्याचं नियतकालिकाला कळवलं आणि संध्याकाळी वहिनीकडे गेल्या. वहिनी मटार सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हे त्या गोळीने गेले?"

"ते नाही सांगता येत, वहिनी. बाराशे जणांचं मिळून सांगता येतं, एकट्याचं नाही येत."

"पण घे म्हणून सांगितलंस, ते एकट्यालाच ना?"

वहिनी आदळआपट करणाऱ्यातली नव्हती. दाणे वाटीत पडत राहिले. बाई उठल्या, तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

मुलीला त्याच कामावर डॉक्टरेट मिळाली. परीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं. बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मुलगी पाया पडायला आली, तेव्हा "चांगलं केलंस," एवढंच म्हणाल्या. ते मनापासून होतं, पण तिच्याकडे बघून म्हणणं त्यांना जमलं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे एकही नवा विद्यार्थी आला नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी शिकवायचं काम उरलं. तेही त्या मन लावून करत.

दर रविवारी वहिनीचा फोन यायचा, तो बंद झाला. बाईंनी दोनदा स्वतःहून केला. दोन्ही वेळा भाचीने उचलला.

"आत्या, आई झोपलीय."

"बरं नाही का तिला?"

"बरी आहे," भाची म्हणाली आणि घुटमळली. दिवसाचे अकरा वाजले होते. बाई म्हणाल्या, "झोपू दे," आणि फोन ठेवला.