वैनगंगेत सोडलेला मेणाचा ठोकळा

आरोग्याचा दाता जो धन्वंतरी, त्याच्या चरणी मस्तक ठेवून, आज पत्नीच्या प्रथम वर्षश्राद्धाचे पिंडदान आटोपल्यावर हे लिहावयास बसलो आहे. अड्याळच्या शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकविले.

तिला खोकला सुटला तेव्हा धानाची मळणी चालू होती. आम्ही तो धुळीवर ढकलला. पुढे भंडाऱ्याच्या रुग्णालयात फुप्फुसातील गाठीचा सुईने तुकडा काढला आणि कर्करोग ठरला. अहवालासोबत तेथील माणसाने एक छोटी पिशवी दिली. तीत मेणाचा बोटभर ठोकळा होता व त्या मेणात तिच्या गाठीचा कण रुतवलेला होता. "जपून ठेवा," एवढेच तो म्हणाला.

देहापासून विलग झालेला अंश घरात ठेवू नये, जलाच्या स्वाधीन करावा, असे मी वडिलांकडून शिकलो होतो. पिशवी हातात धरून मी देवघरासमोर बराच वेळ उभा राहिलो.

"कपाटात राहू द्या ना," ती म्हणाली. "कागदासंग देला हाये, कामी पडन."

"अगं, देहाचा भाग आहे तो. कपाटात कसा ठेवायचा?"

"मंग माहे पडलेले दातही शोधून आना, संगच नेऊन टाका," ती हसली, आणि त्या हसण्यानेच तिला खोकला आला.

दुसऱ्या दिवशी स्नान करून पवनीला गेलो. घाटाच्या पायरीवरून तुळशीपत्रासह ठोकळा वैनगंगेत सोडला. मेण हलके, तो बुडाला नाही, तरंगत गेला. दिसेनासा होईपर्यंत मी हात जोडून उभा होतो. कर्तव्य विधिवत पार पडल्याचे समाधान होते, हे लपवीत नाही.

तीन आठवड्यांनी नागपूरच्या तरुण डॉक्टरबाईंनी समजावले, "आजोबा, सगळ्यांना एकच औषध देण्यापेक्षा आता मेणात ठेवलेल्या तुकड्यातून गाठीची जनुकं तपासतो. विशिष्ट बदल सापडला, तर रोज एक गोळी. ज्यांना जुळते, त्यांना कधी कधी वर्षं मिळतात. ठोकळा आणलाय ना?"

"नदीत सोडला," मी म्हणालो.

त्यांची लेखणी थांबली. "कोणी सांगितलं सोडायला?"

"कोणीच नाही."

"त्याहिले रागवू नका, बाई," पत्नी मध्येच बोलली. "माहा तुकडा माह्याआधी गंगेले पोचवला, दुसरं काय!"

त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

पुन्हा सुई घालण्याइतका श्वास तिच्यात उरला नव्हता. म्हणून त्याच तपासणीसाठी तिचे रक्त पाठविले. पंधरा दिवस मी रोज जप वाढवीत होतो. मग डॉक्टरबाईंचा फोन आला: रक्तात काही सापडले नाही, पण म्हणून गाठीत बदल नाहीच, असे म्हणता येत नाही. ठोकळा असता तरी कदाचित गोळी जुळली नसती, पुष्कळांना जुळत नाही, असेही त्या म्हणाल्या. माझे सांत्वन करावयाचे होते त्यांना. परंतु "कदाचित" या शब्दाने सांत्वन होत नाही. त्या शब्दाचा शेवटच होत नाही.

नेहमीच्या औषधाच्या दोन सलाईन लागल्या. तिसरी डॉक्टरबाईंनीच थांबविली.

शेवटच्या आठवड्यात, उशीला टेकून बसलेली असताना, तिने विचारले, "ते गोळी कोन्त्या रंगाची रायते हो?"

मला ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते.

"पांढरी असन," तीच म्हणाली. "तुमी कायले एवढं तोंड पाडून बसले? पानी द्या थोडं."

आज सकाळी पवनीच्या त्याच पायरीवरून पिंड सोडले. ते लगेच बुडाले. मंत्र बिनचूक म्हटले गेले, पण मन कोठेच पोहोचले नाही. क्षमा कोणाकडे मागावी, हे एवढ्या अध्ययनानंतरही मला कळलेले नाही.

वाचकहो, धन्वंतरी आपणांस आणि आपल्या घरातील प्रत्येकास निरामय ठेवो, आपल्या अंगणात दीर्घायुष्य नांदो. आणि असा ठोकळा कधी आपल्या हाती आलाच, तर तो जपून ठेवण्याची बुद्धी तो आपणांस देवो.