दत्तप्रसादच्या जीपचं अस्तर

दत्तप्रसाद शेट्ये पणजीत एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होता आणि सुटीच्या दिवशी कोरगावात साहसवीर होता. एरवी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली नाही तर दिवसभर कुरकुरणारा हा माणूस, पण शनिवारी संध्याकाळी खिशाखिशांची हिरवी पँट चढवली की त्याचा आवाजसुद्धा जाड व्हायचा.

जीप त्याने डिचोलीहून आणली होती. खाणीवर राबून राबून थकलेली, पत्रा मजबूत, पण आतला गालिचा कुजलेला. तो उपटून फेकल्यावर खाली लाल धूळ निघाली, पत्र्याच्या खाचाखाचांत दाबून भरलेली. रानवाट मंडळ नावाच्या जीपवाल्यांच्या गटात दत्तप्रसाद नुकताच सामील झाला होता. तिथे कुणाच्याच गाडीत गालिचा नव्हता. सगळ्यांच्या गाड्यांत आतून काळं, खरखरीत रबरासारखं अस्तर होतं. चिखल झाला की पाइप लावून धुवायचं. त्याला लायनर म्हणतात हे कळल्याच्या क्षणापासून दत्तप्रसादला दुसरं काही सुचेना.

सगळा पावसाळा त्याने लायनर निवडण्यात घालवला. घराच्या पुढच्या ओसरीत, म्हणजे बालकांवात, खुर्ची टाकून, मोबाइल नाकाशी धरून तो जगभरच्या लोकांना जिपा रंगवताना बघत बसायचा. फवाऱ्याने मारायचा की रोलरने? फवाऱ्याला गॅरेजात जावं लागतं, म्हणजे श्रेय गॅरेजवाल्याला. म्हणून रोलर. मग पाण्यात मिसळायचा की घट्ट करणारा हार्डनर घालायचा? पाण्यातल्याला वास कमी, पण तो लेचापेचा. रबराचे कण बारीक हवेत की जाड? काळा रंग उन्हात तापतो, पण करड्यात दरारा नाही.

"अवो, रंगच ना तो शेवटी?" त्याची बायको संजना म्हणाली. कोरगावच्या डोंगरावरचं काजूचं भाट, म्हणजे बाग, तीच बघायची. माणसं लावण्यापासून बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, फेणीच्या भट्टीवर पोचवेपर्यंत सगळं तिच्याकडे. "लावा आणि मोकळे व्हा."

"रंग नव्हे," दत्तप्रसाद म्हणाला. "लायनर. तुला नाही कळायचं. जंगलात गाडी घातली की आतून काय मार बसतो!"

आतून त्याची आई सुमंगलाबाई बोलली, "दत्ता, तुका खंयच्या जंगलात जावचा हा रे? न्हाणीत पाल दिसली तर तू संजनाक हाक मारतस."

दत्तप्रसादने आईकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांना घरात कुणी ओळखत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

दिवाळीनंतर डबा आला. त्याच्यावर लावायची रीत छापलेली होती: सीटा काढा, गंज खरवडा, पत्र्याची चकाकी जाईपर्यंत सँडपेपरने घासा, धूळ आणि तेल पूर्ण पुसा, कोरडं होऊ द्या, मग लावा. दत्तप्रसादला यातलं शेवटचं वाक्य आवडलं. त्यातच रविवारी मंडळाचे लोक कोरगावात येणार होते आणि त्यांना तयार जीप दाखवायची होती. शनिवारी सकाळी त्याने सीटा काढल्या, सँडपेपर इकडून तिकडे फिरवला, ओलं फडकं मारलं. खाचांतल्या लाल धुळीचा चिखल झाला. तो वाळायच्या आत त्याने हार्डनर ढवळला आणि रोलर हातात घेतला.

"हातमोजे घाला," संजना म्हणाली.

"मोज्यात रोलरचा अंदाज येत नाही," तो म्हणाला. हे त्याने कुठल्याही व्हिडिओत ऐकलेलं नव्हतं. ते त्याला स्वतःला त्या क्षणी सुचलं होतं, म्हणून तर इतकं आवडलं.

संध्याकाळपर्यंत जीप आतून काळीभोर, दाणेदार, बघत राहावी अशी झाली. दत्तप्रसादचे दोन्ही पंजेही तसेच झाले. साबण झाला, रॉकेल झालं, खोबरेल झालं. हात होते तसेच राहिले.

रविवारी मंडळाचा प्रमुख निखिल मांद्र्याहून आला. तिथे त्याचं गेस्टहाऊस होतं आणि बोलणं पाहुण्यांशी बोलावं तसं गोड. त्याने वाकून बघितलं, वाहवा केली. दत्तप्रसादने काळे हात हलवत रबराच्या कणांवर लांबलचक व्याख्यान दिलं. सगळे ऐकत होते. ऐकता ऐकता निखिलचं लक्ष दाराजवळच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे अस्तराची कड जराशी उचलली होती. त्याने ती सहज चिमटीत धरली आणि ओढली.

तव्यावरून घावन सुटावं तसं अख्खं अस्तर उठून आलं. ड्रायव्हरच्या पायाखालून निघालं ते मागच्या दारापर्यंत. उलट्या बाजूला लाल चिखल जसाच्या तसा चिकटलेला.

सगळे वाकून बघायला लागले.

"हवेत दमटपणा फार होता," दत्तप्रसाद म्हणाला.

"होता ना, दत्तप्रसादबाब," निखिल गोड आवाजात म्हणाला, "पण आत थोडी खाणसुद्धा राहिली होती."

लोक हसले. दत्तप्रसादही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. पाहुणे गेल्यावर तो जेवायला आला नाही. संजनाने दोनदा हाक मारली आणि मग ताट झाकून ठेवलं.

सोमवारी कचेरीत हजेरीच्या यंत्राने त्याचा अंगठा ओळखायला नकार दिला. साहेबांनी बोलावलं.

"शेट्ये, मशीन म्हणतंय तुम्ही आज आलाच नाहीत."

"साहेब, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"मला दिसतंय हो. मशीनला दिसत नाही."

कातडीसकट रंग झडेपर्यंत दत्तप्रसाद रोज पणजीला गेला आणि रोज गैरहजर राहिला.

एक मात्र मान्य करायला हवं. त्याने जीप तशीच टाकली नाही. लागोपाठ किती रविवार तो गुडघ्यांवर बसून पत्रा खरवडत होता, हे शेजाऱ्यांनीही बघितलं. मोबाइल घरात, पँट जुनी, तोंड बंद. खाचांतली धूळ त्याने तारेच्या ब्रशने काढली, थिनरने पुसली, उन्हात वाळवली, नटबोल्टांवर आणि पाणी जायच्या भोकांवर टेप लावली. हातमोजे घातले. मग नव्या डब्यातल्या लायनरचा पहिला हात दिला, तो वाळल्यावर दुसरा. हे अस्तर असं बसलं की संजनाने स्क्रू-ड्रायव्हरने उकरून बघितलं तरी हललं नाही.

"आता झालं खरं," ती म्हणाली, आणि तिला मनापासून कौतुक वाटलं.

इथे तो थांबला असता तर बरं होतं. पण आता त्याला अस्तराची काळजी वाटायला लागली. जीपमध्ये चढताना चपला काढायच्या, असा त्याने नियम केला. आईला देवळात नेलं तेव्हा सुमंगलाबाई दोनदा अनवाणी झाली, एकदा जीपशी आणि एकदा देवाशी. मंडळाची ओढ्यातली सफर निघाली, तर दत्तप्रसादने गाडी डांबरी रस्त्यावर सावलीला लावली आणि पुलावर उभं राहून बाकीच्यांना सूचना दिल्या.

मार्चात काजूचा हंगाम भरात आला. एके दिवशी बोंडू न्यायचा टेम्पो आलाच नाही. ऊन चढलं की बोंडू आंबतात. संजनाने जीपची किल्ली घेतली. पत्र्याचे डबे, पोती, वर कोयते, जागा मिळेल तिथे बोंडू, आणि पुढच्या सीटवर चपला घालून सासू. डोंगरावरून भट्टीपर्यंत दिवसभर फेऱ्या झाल्या. संध्याकाळी तिने पाइप लावून जीप धुतली. लाल चिखल, रस, पालापाचोळा, सगळं भोकांतून वाहून गेलं. डब्यांचे चारपाच ओरखडे तेवढे राहिले.

दत्तप्रसाद बसने आला. जीपचं दार उघडून त्याने आत बघितलं आणि डोकं धरून पायरीवर बसला.

"ओरखडे! संजना, ओरखडे!"

"मगे?" सुमंगलाबाई म्हणाली. "वापरूक नको तर केलस कित्याक?"

रात्री तो टॉर्च घेऊन दोनदा ओरखडे बघून आला. सकाळी मात्र चहा घेऊन लवकर बाहेर गेला आणि बराच वेळ जीपमध्ये वाकून राहिला. थोड्या वेळाने संजनाचा मोबाइल वाजला. मंडळाच्या ग्रुपवर, ज्यात त्याने हौसेने तिलाही घेतलं होतं, ओरखड्यांचे चार फोटो आले होते, उन्हात तिरके धरून काढलेले. खाली दत्तप्रसादने लिहिलं होतं: 'कालची डोंगराची मोहीम. चढ अवघड होता. अस्तराने मार सोसला.'

निखिलने लगेच अंगठा पाठवला. संजनाने मजकूर दोनदा वाचला, सासूलाही वाचून दाखवला. मग मोबाइल टेबलावर उपडा ठेवून ती जीपची किल्ली शोधायला लागली. टेम्पोवाल्याने आजही फोन उचलला नव्हता.