उबीनचे पणजोबा

“शुक्रवारी ड्रॉइंग जाणार. तोपर्यंत थडगं दाखव, नाहीतर ट्रॅक सरळ जाईल,” डेस्मंड म्हणाला आणि कॉफी आणायला खाली गेला. डेस्मंड माझा बॉस. माणूस वाईट नाही, पण डेडलाइन आली की त्याला दुसरं काही दिसत नाही.

मी नकाशे बनवते. आमचं ऑफिस शहरात, बंदराजवळच्या हार्बरफ्रंटला. पुलाउ उबीन बेटावर जंगलातून सायकल ट्रॅक व्हायचा होता आणि त्याचा सर्व्हे आमच्याकडे होता. ट्रॅकच्या वाटेत आपल्या पणजोबांचं थडगं आहे, असं शहरातल्या यिशुन भागात राहणाऱ्या लिम आंटींचं म्हणणं. क्लायंटने स्वच्छ सांगितलं होतं, थडगं सापडलं तर ट्रॅक वळवू, नाहीतर मशिन फिरेल.

आंटी लहान असताना त्यांचं कुटुंब बेट सोडून फ्लॅटमध्ये आलं. मागे रान इतकं माजलं की थडगं कुठे होतं हेच कुणाला सांगता येईना. चिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांची थडगी झाडून-पुसून तिथे जेवण ठेवायच्या सणाला, आंटी दरवर्षी बेटावर जायच्या. अंदाजाने एका झाडाखाली उदबत्ती लावायच्या आणि परत यायच्या.

“सगळे आपल्या माणसासमोर उभे राहतात. मी झाडासमोर. आता पाय दुखतात, किती वर्षं जाणार?” त्या मला म्हणाल्या होत्या.

हे पणजोबा चीनमधून आले आणि त्यांनी ब्रिटिश सरकारकडे जमीन मागितली. सरकारने दिली, पण अट घालून. जंगल तोडून लागवड करायची. जेवढी जमीन पडीक राहील तेवढी सरकार परत घेणार. त्या जमिनीचा नकाशा आंटींनी जपला होता. जुनी हद्द आजच्या नकाशावर बसवणं हे माझं रोजचंच काम, ते झालं.

मग लायडार. विमानातून लेझरचे किरण सोडतात. बरेचसे पानांवर अडतात, थोडे फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. कॉम्प्युटरवर पानांचे ठिपके काढून टाकले की खालची उघडी जमीन दिसते. हा डेटा अवाढव्य असतो. म्हणून आम्ही हवी ती हद्द ठेवतो आणि बाहेरचं कापतो. याला क्लिप करणं म्हणतात. मीही केलं.

झाडं पुसली गेली आणि मी खुर्चीत सरसावून बसले. अख्ख्या टेकडीवर माती अडवायला घातलेल्या ताली होत्या. एकीखाली एक, उतार धरून, हद्दीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझं माहेर भोरकडचं. ताली काय असतात आणि त्या घालताना कमरेचं काय होतं, हे मी घरात पाहिलंय. पण आमच्याकडे सगळी भावकी राबायची. इथे एक माणूस, फार तर बायको जोडीला. कितीतरी वेळ मी नुसती बघत राहिले.

थडगं मात्र कुठेच नाही. चिनी थडगं घोड्याच्या नालेसारखं वळणदार असतं, वरून लगेच ओळखू येतं. इथे सगळ्या रेघा सरळ. गुरुवारी मी आंटींना फोन केला.

“आंटी, पणजोबा नक्की स्वतःच्याच जमिनीत आहेत ना?”

“मग काय शेजाऱ्याच्या? माणूस आपल्याच जमिनीत जातो, लाह!” शेवटी इथल्या बोलीतला ठसका लावत त्या म्हणाल्या.

मलाही तसंच वाटत होतं. फोन ठेवून पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. ताली थेट हद्दीला भिडलेल्या. वीतभरसुद्धा जागा मोकळी नाही. मग एकदम लक्षात आलं. थडग्यापुरती सोडलेली जागा सरकारच्या हिशेबी पडीकच की!

मी क्लिप काढून टाकली, कापलेला बाहेरचा भाग परत आणला. हद्दीला लागूनच, पण बाहेर, एक खडकाळ उंचवटा होता. त्यावर छोटीशी नाल उमटली होती.

शुक्रवारी सकाळीच आम्ही बमबोट नावाच्या छोट्या लाकडी होडीने बेटावर पोचलो. आंटी, डेस्मंड आणि मी. वाटेत मी आंटींना तालींचं सगळं सांगितलं. वेली बाजूला केल्यावर दगड दिसला. आंटींनी हाताने शेवाळ पुसलं, नाव मोठ्याने वाचलं. मग वळून खालच्या रानाकडे बघत राहिल्या.

“कंजूष म्हातारा,” त्या म्हणाल्या. “स्वतःला निजण्यापुरतीसुद्धा जमीन ठेवली नाही. सगळी मुलांना.” आणि रडू लागल्या. मीही रडले, लपवण्यात अर्थ नाही.

“पण हे हद्दीबाहेर आहे,” मी डेस्मंडला हळूच म्हटलं.

“क्लायंटने थडगं मागितलंय. हद्द कोण विचारतंय?” तो म्हणाला. त्याने तिथेच उभं राहून फोन लावला. दुपारी ड्रॉइंग गेलं, ट्रॅक वळलेला.

तेव्हापासून कापण्याआधी मी हद्दीबाहेर एक नजर टाकते. शिकले ते एवढंच. माणूस त्याच्या जमिनीत शोधायचा असेल, तर त्याने आत स्वतःपुरती जागा ठेवली होती का, ते आधी बघावं.