दुपारी बंद पडणारं सोलर

मनीषनगरच्या त्या गल्लीतून पहिला फोन आला तेव्हा मी डबा उघडून बसले होते. त्यामुळे असेल, पण मी तो नीट ऐकलाच नाही. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले एक काका बोलत होते. त्यांच्या गच्चीवरचं सोलर रोज साडेअकराच्या सुमाराला बंद पडायचं आणि तीननंतर आपोआप सुरू व्हायचं. मी वीज कार्यालयात कनिष्ठ अभियंता होते आणि तो भाग माझ्याकडे नवीनच आला होता.

"पॅनेलवर धूळ बसली असेल, काका. धुऊन बघा," मी म्हणाले आणि जेवायला लागले.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या कामाला त्या गल्लीत गेले, तर एका गच्चीवर सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ बादली आणि फडकं घेऊन उभे दिसले. कोपराला पट्टी होती. मी खालून विचारलं, तेव्हा कळलं की फोन करणारे तेच.

"तुम्हीच सांगितलं होतं ना, मॅडम. रोज धुतो. परवा पाय घसरला थोडा. पण बंद पडायचं काही थांबत नाही."

आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. मी वर गेले. गच्चीच्या जिन्यातल्या इन्व्हर्टरवर व्होल्टेज पाहिलं: दोनशे एकोणसाठ. असायला हवं दोनशे तीसच्या आसपास. माझ्यासमोरच तो टिक करून बंद झाला.

धुळीचा काही संबंध नव्हता. त्या गल्लीत नऊ घरांवर सोलर होतं. दुपारी माणसं कामावर, घरं बंद. घरात न वापरलेली वीज लाईनवर परत येते, आणि ती घेणारं जवळपास कोणी नसलं की व्होल्टेज चढतं. ते फार चढलं की इन्व्हर्टर स्वतःच बाजूला होतो. म्हणजे काका पॅनेल जितकी स्वच्छ ठेवत होते, तितकं सोलर लवकर बंद पडत होतं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी फडकं पिळून बादलीच्या कडेवर टाकलं आणि ते पायरीवर बसले.

मला ते लगेच निस्तरायचं होतं. ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज थोडं खाली-वर करायची सोय असते. दुसऱ्याच दिवशी अर्धा तास लाईट बंद करून मी ते खाली आणलं. काकांचा फोन आला, दिवसभर सोलर चालू राहिलं म्हणून. मी खूश.

आठवड्याभरात एक बाई ऑफिसात येऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. त्याच गल्लीच्या शेवटच्या घरात राहणारी, ई-रिक्षा चालवणारी.

"मॅडम, तुमी आमच्या गल्लीत काय करून ठेवलं? संध्याकाळपासून गाडी चार्जिंगले लावते, तरी सकाळी पुरी भरत नाही. कूलर बी रडून राहिला. सवाऱ्या अर्ध्या रस्त्यात उतरवू का?"

संध्याकाळी सगळे घरी येतात, कूलर, एसी, स्कूटरचे चार्जर एकदम सुरू होतात आणि गल्लीच्या टोकाला व्होल्टेज पडतं. ते आधीच कमी होतं, मी आणखी कमी केलं होतं.

"मले कोणी इचारलं काय?" ती म्हणाली.

"नाही विचारलं, ताई. चुकलं माझं."

ट्रान्सफॉर्मर पूर्ववत केला आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. गल्लीत विजेच्या तीन तारा, म्हणजे तीन फेज, येतात; खांबाखांबावर जाऊन कुठलं घर त्यातल्या कुठल्या तारेवर आहे ते पाहिलं. नऊपैकी सात सोलरवाले एकाच तारेवर निघाले. जोडणाऱ्यांनी हाताला आली ती तार पकडलेली, आणि आमच्या ऑफिसानेही न बघता मंजुरी दिलेली. एका सकाळी दोन लाईनमन घेऊन ती घरं तीन तारांवर वाटली. तेवढा वेळ लाईट गेली म्हणून लोक कुरकुरले. दुपारचं व्होल्टेज बरंच उतरलं, तरी काकांचं सोलर बारा ते दोन बंद पडतच होतं.

"म्हणजे दुपारी वीज वापरणारं कोणी पाहिजे, एवढंच ना?" काकांनी विचारलं, आणि मला घेऊन थेट त्या ई-रिक्षावाल्या बाईच्या घरी गेले. एकाच गल्लीत राहून दोघं कधी बोललेले नव्हते. गाडी रात्रीऐवजी दुपारी चार्जिंगला लावता येईल का, असं त्यांनी तिला विचारलं.

"दुपारी माही शाळेची फेरी राहते," ती म्हणाली. "साडेबाराले पोरं सोडून देते, मंग मोकळी. पण मंग जेवू कवा, पडू कवा?"

"गाडी लावायची अन् पडायचं. गाडीजवळ उभं थोडंच राहायचं आहे?"

ती हसली. "हे तं कोणी सांगितलंच नाही मले."

मी तिचं कनेक्शन काकांच्या तारेवर घेतलं. आता ती पाऊणच्या सुमाराला गाडी लावते, चार वाजता काढते आणि संध्याकाळच्या फेऱ्या बिनघोर करते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ती येईपर्यंत काकांचं सोलर अजूनही थोडा वेळ बंद पडतं. मग ते फाटकाशी येऊन उभे राहतात. एकदा मी तिथे असताना रिक्षा वळणावर दिसली, तसे ते ओरडले, "पाच मिनिटं लेट!"

"सिग्नल लागला, काका," ती म्हणाली आणि चार्जरची वायर ओढू लागली.