दोन सिटांची मोटार

आमच्या आजोबांनी बैलजोडी आणायला जाऊन मोटार आणली. पोलीस ॲक्शननंतर हर्सूलकडच्या एका जहागीरदाराचं बिऱ्हाड हललं आणि सगळा पसारा विकायला निघाला. आजोबा पोचेपर्यंत बैल दुसऱ्यानं नेले होते. रिकाम्या हातानं घरी जाणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून गोठ्याशेजारी पडलेली इंग्रजी मोटार त्यांनी घेतली. हिरवी, बुटकी, वर छप्पर नाही आणि बसायला मोजून दोन सिटा. आमच्या घरात तेव्हा एका पंगतीत सगळे मावत नसत. पण मोटार ती मोटार. घरच्या म्हाताऱ्या बैलांनी ती ओढत आणली.

पुढं कितीतरी वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मग बाबांना तिचं वेड लागलं. आठवडाभर ते औरंगाबादेत कचेरीत फायली हलवत आणि रविवारी मोटारीखाली झोपत. बैलगाड्या करणाऱ्या सुतारानं तिच्या पत्र्याखालचा लाकडी सांगाडा नवा करून दिला. टांग्याच्या गाद्या शिवणाऱ्यानं सिटा शिवल्या. मिस्त्री दर वेळी बॉनेट उघडून एकच म्हणायचा, "साब, इस्से अच्छा तो घोडा पाल लेते." शेवटी एकदाची ती सुरू झाली. शेजारचा मारवाडी पेढे घेऊन आला, जणू बाबांना मुलगाच झाला होता.

आता खरी गोष्ट. एका सिटेवर बाबा. दुसरीवर कोण, हे मानानुसार ठरे. आजोबा असले तर आजोबा. ते नसले तर आत्या. आत्या नसली तर कुणी पाहुणा. आईचा नंबर कधी लागलाच नाही. तिचं माहेर लासूर स्टेशनला. तिकडं लग्न असो की बारसं, बाबा मोटारीत आजोबांना नाहीतर आत्याला बसवत, गॉगल चढवत आणि आईला म्हणत, "तुमी या मागनं पाशिंजरनं." एकदा तर त्या सिटेवर पुरणाचं पातेलं गेलं. पुरण आईनंच रात्री जागून वाटलं होतं. पातेलं मोटारीत आणि आई, आम्ही पोरं, दोन पिशव्या स्टेशनवर.

पॅसेंजर मनाला येईल तेव्हा यायची. आम्ही पोचेपर्यंत आत्या आईच्या माहेरच्या ओट्यावर पाय पसरून बसलेली असायची. आमच्या मामीनं केलेला चहा तिनं केव्हाच प्यालेला असायचा. मग आईसाठी तो पुन्हा गरम व्हायचा. आई तो प्यायची आणि आत्याच्या पाया पडायची. मला याचा भयंकर राग यायचा. आईला येत होता की नाही, ते तिच्या तोंडावरून कधी कळलं नाही.

आजोबा गेले, आत्या सुनांच्या राज्यात गेली, तरी ती सीट रिकामी झाली नाही. तिच्यावर पान्यांची पेटी आणि पाण्याचा डबा बसला. मला बाबांनी हर्सूल तलावाच्या रस्त्यावर गाडी शिकवली, तेव्हा तिथं बसून ओरडायला ते स्वतः होते. मी एकदा म्हटलं, आईला एक चक्कर मारून आणा की. बाबा म्हणाले, "तिला वारं सोसत नाय." आईला वारं सोसतं का, हे आईला कुणी विचारलं नाही.

मग बाबांचा डावा गुडघा गेला आणि क्लच दाबणं होईना. उभी ठेवून गंजवण्यापेक्षा चांगल्या घरी द्यावी, असं त्यांनी ठरवलं. गिऱ्हाइकं येऊ लागली. गुलमंडीवरच्या कापडवाल्याला ती दुकानापुढं उभी करून तिच्यात साडी नेसवलेली बाहुली बसवायची होती. बाबांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. एका बँडवाल्याला वरातीत नवरदेव मिरवायचे होते. त्याला बाबा म्हणाले, "घोड्याला विचारा आधी." तिसरा लासूर स्टेशनचा अडत्या. त्यानं इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत उभा राहिला. बाबा तिथंच विरघळले. सौदा ठरला. मोटार मी चालवत न्यायची, बाबा शेजारी बसून रस्ताभर सूचना देणार. आई दाराशी उभी होती. आता ही मोटार जाणार आणि आई तिच्यात न बसताच राहणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण आईसाठी भांडायचं तर आईनं आधी तोंड उघडायला हवं होतं.

निघायच्या सकाळी बाबा गॉगल शोधत होते. कोनाड्यात नाही, खुंटीला नाही. वैतागून अंगणात आले तर गॉगल मोटारीत होता, आईच्या डोळ्यांवर. पान्यांची पेटी तिनं तुळशीपाशी उतरवली होती. ठेवणीतली साडी, पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली करकचून गाठ, मांडीवर पिशवी.

"अगं, मी कुठं बसू?" बाबा म्हणाले.

आईनं समोरच बघत सांगितलं, "तुमी या मागनं पाशिंजरनं."

मी हसू दाबत गाडी चालू केली. रस्ताभर आई पिशवी धरून समोर बघत बसली. एसटी मागं टाकली, तेव्हा मात्र तिनं वळून हात केला. एसटीत ओळखीचं कुणी नव्हतं. लासूरला पोचल्यावर ती म्हणाली, "अडत्याकडं मागनं जाऊ. आधी माह्या घराम्होरून ने." मी नेली. ती म्हणाली, आणखी एकदा. मी पुन्हा नेली. मग ती उतरली, मोटारीच्या दाराला हात लावून नमस्कार केला आणि माहेरच्या ओट्यावर पाय पसरून बसली. मामीनं तिला ताजा चहा दिला.

बाबा आले तेव्हा ऊन चढलं होतं. शर्टावर पाशिंजरच्या इंजिनाची काजळी, एका हातात पान्यांची पेटी, लंगडत. आई उठली आणि त्यांच्यासाठी चहा पुन्हा गरम केला. त्यांनी तो मुकाट्यानं प्याला.