बोरसेंची कल्याणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि आता ती राहिली नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या रोहिणखेडचे नाही. एवढंच कारण आहे, उगाच मोठं करत नाही.

सत्कारांची टिंगल मी जन्मभर केली. गावात गुणवंतांचा सत्कार असला की मागच्या खुर्चीवर बसून बघायचो — पोरांच्या हातात पेन, शाली सगळ्या पाहुण्यांच्या अंगावर. पण माझ्या घरात रोज संध्याकाळी एक सत्कार भरायचा, आणि वक्ता मीच असायचो. सत्कारमूर्ती कल्याणी.

कल्याणी कोण? मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बोरसे बसायचे, त्यांची मुलगी. कल्याणी पहाटे उठते. कल्याणीचं अक्षर छापल्यासारखं. कल्याणीला दोनदा सांगावं लागत नाही. समोर माझी मुलगी, संघमित्रा, मान खाली घालून जेवत असायची. मी म्हणायचो, "तिचे पाय धुऊन पाणी पी, थोडी अक्कल येईन."

कसं सांगू — बोरसे खरे होते. पण त्यांना मूलबाळ नव्हतं.

पहिल्यांदा का म्हणालो, आठवत नाही. मित्रा दुसरीत असेल, पाढा अडला होता. एक नाव तोंडातून गेलं आणि पोर मुकाट्यानं पाठ करायला बसली. लागू पडलेलं औषध कोण बंद करतं? मग कल्याणीला वाढवणं आलं. मित्रा पाचवीत गेली की कल्याणी पाचवीत. आणि गुण? मित्राचा निकाल आधी ऐकायचो, मग कल्याणीचे गुण ठरवायचो. हे वाक्य मी इतकी वर्षं मनातसुद्धा पुरतं म्हटलेलं नाही.

बारावीला मित्रा कॉलेजात पहिली आली. पेढ्यांचा पुडा घेऊन दारातच उभी राहिली. मी तोंड उघडायच्या आधी तिनंच विचारलं, "कल्याणीले किती पडले, बाबा?"

मला त्या मुलीला तिथंच नापास करता आलं असतं. लग्न लावून लांब धाडता आलं असतं. मी तिला दोन टक्के जास्त दिले. का? पोरीला गर्व होऊ नये म्हणून — असं तेव्हा स्वतःला सांगितलं. मित्रा "हं" म्हणाली आणि पुडा दोरीसकट फडताळात ठेवला.

तिला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी बाहेरगावी जायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "तिथं कल्याणीसारख्या पोरी असतात." गेली नाही. आता गावातच बालवाडीच्या पोरांना शिकवते, माझा स्वयंपाक करते, माझ्या साखरेच्या गोळ्या सांभाळते. कुणी तिचं कौतुक केलं की मागं वळून बघते — मागं कोण उभं आहे म्हणून.

मागच्या महिन्यात बोरसे वारले. मला त्यांच्या घरी भेटायला जायचं होतं, मित्रा माझा सदरा इस्त्री करत होती. म्हणाली, "कल्याणी आली असन नं? मीबी येतो. एकदा पाहतो तिले."

मी म्हणालो, ती परदेशात असते, आलेली नाही.

इस्त्री थांबली. "बाप गेला, तरी नाही आली?" मग सदऱ्याकडंच बघत, हळूच — "मी त आली असती, बाबा."

आयुष्यात पहिल्यांदा ती पुढं होती. मला फक्त हो, 'हाव', एवढंच म्हणायचं होतं. खरं सांगायचीही गरज नव्हती, एक 'हाव' पुरला असता. कोण अडवत होतं मला?

मी म्हणालो, "सुट्टी भेटली नसन तिले. मोठ्या कामावर हाये."

"हं," म्हणाली, आणि दुसरी बाही इस्त्रीला घेतली.

तो सदरा घालून मी मलकापूरला एकटा गेलो.